रोजगार हमी योजना आणि व्यवसाय कर

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला काम देण्याची शासनाने कायद्याने पत्करलेली जबाबदारी म्हणजे रोजगार हमी योजना. तिचा खर्च भागवण्यासाठी नोकरदार, व्यापारी व व्यावसायिकांवर बसवलेल्या करांपैकी प्रमुख कर म्हणजे व्यवसाय कर. खेड्यात योजनेला ‘रोहयो’ किंवा नुसते ‘हमीचे काम’ म्हणतात. शहरात कर पगारपत्रकावर ‘पीटी’ या दोन अक्षरांपुरता दिसतो. ज्यांचे दरमहा दोनशे रुपये कापले जातात त्यांपैकी फार थोड्यांना ते कशासाठी सुरू झाले हे ठाऊक असते, आणि बांधावर माती टाकणाऱ्यांना तर पैसा ‘सरकारचा’ एवढेच माहीत असते. म्हणून येथे दोहोंची नोंद एकत्र केली आहे.

योजनेचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती होते. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात त्यांच्या कल्पनेनुसार पहिला प्रयोग झाला. कोरडवाहू शेतीत वर्षाचे काही महिनेच काम असते. उरलेल्या काळात मजुराचे हात रिकामे आणि जमीन मात्र बांधबंदिस्तीवाचून वाहून चाललेली, तेव्हा दोन्ही गरजा एकमेकींना भागवू द्याव्यात, असा साधा विचार त्यामागे होता. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्यावरच्या अभ्यासात सार्वजनिक कामांतून रोजगार पुरवण्याची शिफारस केली, तिनेही या विचाराला बळ मिळाले.

योजना 1972 मध्ये राज्यभर लागू करण्याचे ठरले, पण मोठ्या दुष्काळाने सगळीच यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळवली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे होती. परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि मुलांना मिळणारी सुकडी यांच्या आठवणी मराठवाड्यातल्या आणि नगर-सोलापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतात. मात्र ही कामे दुष्काळ जाहीर झाला तरच निघत. पिकाची आणेवारी सरकारदरबारी पुरेशी घसरली नाही तर भुकेला पुरावा नसे. हमी योजनेने हा क्रम उलटा केला: मजुराने काम मागितले की तोच पुरावा. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला.

एकमत कसे झाले, याचे उत्तर निव्वळ करुणेत सापडत नाही. शहरातल्या पुढाऱ्यांना मुंबईकडे येणारे लोंढे गावातच थांबायला हवे होते. बागायतदारांना तलाव, बांध आणि रस्ते फुकटात मिळणार होते. विरोधी पक्षांना मजुरांना संघटित करायला हक्काचे व्यासपीठ मिळाले, सत्ताधाऱ्यांना गावोगाव कामे वाटता आली. देशात असा कायदा दुसऱ्या कोणत्याच राज्याला तेव्हा जमला नाही, आणि त्याला मुंबईसारखे कर देऊ शकणारे शहर महाराष्ट्राकडे होते हेही एक कारण आहे.

पैशाची व्यवस्था कायद्यातच करून ठेवली होती. व्यवसाय कराचा अधिनियम 1975 चा. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरील व विक्रीकरावरील अधिभार, बागायत जमिनीवरील आकारणी आणि शहरांतील बिगरनिवासी मिळकतींवरचा उपकर होता. मिळकत कराच्या बिलात ‘रोजगार हमी कर’ अशी ओळ दुकानदारांनी पाहिलेली असते, ती हीच. या करांतून जमेल तेवढीच रक्कम राज्य शासनाने आपल्या वतीने रोजगार हमी निधीत घालावी, असा दंडक होता.

कामावर मजुरी ठरते ती मोजमापाने, आणि योजनेतले बहुतेक खटके इथेच उडतात. मजूर टोळीने काम करतात. खणताना मध्ये न खणलेला मातीचा खुंट राखून ठेवतात, म्हणजे खोली किती गेली ते नंतर मोजता येते. मस्टरवर हजेरी मुकादम मांडतो, माप अभियंता घेतो, मापवहीत घनमीटर चढतात आणि दरसूचीप्रमाणे रक्कम निघते. दरसूची अशी बांधली आहे की सरासरी माणसाने दिवसभर नेटाने काम केल्यास त्याला किमान मजुरी पडावी. पण दर मातीला वेगळा, मऊ मुरुमाला वेगळा, कठीण मुरुमाला वेगळा. दगडासारख्या मुरुमात पहार मोडेपर्यंत खणूनही मापवहीत ‘मऊ मुरूम’ लिहिले गेले, की टोळीतल्या प्रत्येकाचा आठवडा हलका होतो. माती किती लांब वाहून नेली आणि किती उंच चढवली, याचेही वेगळे पैसे असतात. ते मागायचे असतात हे माहीत असेल तरच मिळतात. उलट बाजूने, कामावर न आलेल्यांची नावे मस्टरवर लावून पैसे उचलण्याचे प्रकारही जागोजाग उघडकीस आले. संघटना जिथे भक्कम होत्या तिथे मजूरच टेप घेऊन माप तपासू लागले. त्यांच्या हिशेबाचे शिक्षण कुठल्याही साक्षरता वर्गापेक्षा चांगले झाले असावे.

पुरुष आणि बाई यांना एकच दर, हे या कामांचे मोठे वैशिष्ट्य. शेतावर बाईची मजुरी कमी धरण्याचीच रीत असल्याने हमीच्या कामावर बायकांची गर्दी कायम राहिली. कामाच्या जागी पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर असावे असा नियम आहे. पाळणा पुष्कळदा बाभळीला बांधलेल्या लुगड्याचाच असे.

1988 मध्ये शेतमजुरांची किमान मजुरी जवळजवळ दुप्पट झाली आणि तीच हमीच्या कामाला लागू झाली. त्यानंतर कामावरची हजेरी वाढण्याऐवजी घसरली. यावर अर्थतज्ज्ञांत बरीच चर्चा झाली. एका बाजूचे म्हणणे असे की दर वाढला तरी तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही, मग नवी कामे उघडणेच लांबवले गेले. हमी कागदावर राहिली आणि रेशनिंग प्रत्यक्षात आले. हे म्हणणे पटण्यासारखे आहे, कारण काम न दिल्यास द्यायचा बेकारी भत्ता इतका किरकोळ होता की टाळाटाळीची प्रशासनाला किंमतच मोजावी लागत नसे. 1990 नंतर योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली. आंबा, काजू, डाळिंब, बोर यांनी कोकणापासून सोलापूरपर्यंत जमिनीचा रंग बदलला; लाभ मात्र स्वाभाविकच ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या पदरात पडला.

केंद्राने 2005 मध्ये केलेला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा मुख्यतः महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा राहिला. फेब्रुवारी 2006 मध्ये राज्यातील 12 जिल्ह्यांत आणि 2008 पासून सर्वत्र तो लागू झाला. कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांच्या अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला, त्यापुढचे दिवस राज्याने द्यायचे ठरले. मजुरी बँक व टपाल खात्यांत जाऊ लागली. 2009 पासून दर राज्याच्या किमान वेतनापासून तोडून केंद्राच्या अधिसूचनेला बांधला गेला. महाराष्ट्रासाठी तो 2023-24 मध्ये 273, 2024-25 मध्ये 297 आणि 2025-26 मध्ये 312 रुपये होता. पैसे खात्यावर येण्यात आठवड्यांची दिरंगाई झाली, की त्यातले किती तरी दुकानदाराच्या उधारीतच जातात.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, त्याचे कारणही पैसे केव्हा हाती येतात यातच आहे. तोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामापूर्वीच उचल देतो. आजारपण, लग्न, पत्र्याचे छप्पर, जुने कर्ज, सगळे त्या एका रकमेत भागते आणि पुढचे पाच-सहा महिने कोयता चालवून ते फेडावे लागते. हमीच्या कामाचे पैसे आधी खणून मग मिळतात. त्यामुळे जॉबकार्ड घरात असूनही माणसे फडावर जातात.

शहराकडच्या टोकाला व्यवसाय कराची रचनाही सर्वांना सारखी जड नाही. राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदानुसार या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा आहे. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ती 250 रुपये होती. मासिक पगार 10,000 रुपयांवर गेला की पुरुष कर्मचाऱ्याला अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 असे पूर्ण 2,500 द्यावे लागतात. त्यापुढे कर वाढतच नाही. महिन्याला 12,000 मिळवणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या वार्षिक कमाईतून अशा रीतीने पावणेदोन टक्के जातात, तर दोन लाख मिळवणाऱ्या अधिकाऱ्याच्या जेमतेम एक दशांश टक्का. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर वजावटही मिळते. प्राप्तिकराच्या मर्यादेखालच्या रक्षकाला तिचा उपयोग नाही. 2017 च्या वस्तू व सेवा कराने अनेक राज्यकर गिळले, पण हा कर वस्तूंवर नसून उपजीविकेवर असल्याने वाचला. केंद्राने मजुरीचा मोठा वाटा उचलल्यावरही तो चालूच राहिला. 2023 च्या एप्रिलपासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना त्यातून सूट मिळाली. त्याआधी त्यांची मर्यादा 10,000 रुपये होती. पुरुषांची 7,500 रुपयांची मर्यादा त्या वेळी तशीच ठेवण्यात आली.