लघुस्तरीय लाकूडतोडीतील स्किड स्टीअर लोडर

हा लेख छोट्या प्रमाणावरील लाकूडतोड व जळाऊ लाकडाच्या कामात वापरल्या जाणाऱ्या स्किड स्टीअर लोडरविषयी आणि असे वापरलेले यंत्र विकत घेताना केल्या जाणाऱ्या पारखीविषयी आहे. जंगलातून ओंडके ओढून आणणाऱ्या यंत्रासाठी स्किडर हा लेख पहा.

स्किड स्टीअर लोडर हे पुढील बाजूस उचलणाऱ्या दोन भुजा असलेले, आटोपशीर बांध्याचे, चारचाकी भारवाहक यंत्र आहे. मूलतः शेतीसाठी तयार झालेले हे यंत्र पुढे बांधकाम, रस्तेदुरुस्ती, बर्फ हटवणे आणि गोठ्यांची सफाई अशा अनेक कामांत रूढ झाले. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे स्वतःच्या मालकीच्या लहान वनातून इमारती व जळाऊ लाकूड काढणारे शेतकरी आणि सरपणाचे छोटे विक्रेतेही ते वापरतात. नव्या यंत्राची किंमत अशा कामाच्या उत्पन्नाला सहसा पेलत नाही. त्यामुळे या क्षेत्रात वापरलेल्या यंत्रांना मोठी मागणी असते. यंत्राची निवड चुकल्यास आर्थिक नुकसान होतेच, शिवाय ओंडक्यांच्या वजनामुळे चालकाच्या जिवालाही धोका संभवतो.

नाव व कार्यतत्त्व

या यंत्राची चाके मोटारीच्या पुढच्या चाकांप्रमाणे वळत नाहीत. डाव्या बाजूची दोन चाके एकमेकांशी आणि उजव्या बाजूची दोन एकमेकांशी, बहुधा साखळीने, जोडलेली असतात. दोन्ही बाजूंना स्वतंत्र हायड्रॉलिक मोटार गती देते. एक बाजू वेगाने व दुसरी हळू किंवा उलट दिशेने फिरवली की चाके जमिनीवर घसरत यंत्र वळते. 'स्किड' म्हणजे घसरणे आणि 'स्टीअर' म्हणजे दिशा देणे, यावरून हे नाव पडले. ओंडके ओढणाऱ्या 'स्किडर' या यंत्राशी नामसाधर्म्य असले तरी दोहोंची रचना आणि उपयोग भिन्न आहेत.

घसरत वळण्याच्या या पद्धतीमुळे यंत्र जागच्या जागी पूर्ण फिरू शकते. मात्र त्यामुळेच टायरांची झीज अधिक होते आणि मऊ जमिनीचा वरचा थर उखडला जातो.

इतिहास

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉथसे या गावी यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या सिरिल व लुई केलर या बंधूंनी १९५७ साली या यंत्राचे पूर्वरूप तयार केले. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खांबांची दाटी असलेल्या कोठारातील विष्ठा काढण्यासाठी लहान व हलके यंत्र हवे होते. केलर बंधूंच्या यंत्राला पुढे दोन चालती चाके आणि मागे एक मुक्तपणे फिरणारे लहान चाक होते. १९५८ मध्ये नॉर्थ डकोटातील ग्विनर येथील मेलरो कंपनीने या यंत्राचे हक्क घेतले. १९६० साली 'एम-४००' हे चारही चाकांना गती मिळणारे प्रारूप आले; तेच पहिले खरे स्किड स्टीअर लोडर मानले जाते. १९६२ पासून कंपनीने 'बॉबकॅट' हे नाव वापरण्यास सुरुवात केली. हे नाव इतके रूढ झाले, की अन्य कंपन्यांच्या यंत्रांनाही बोलीभाषेत अनेकदा बॉबकॅट म्हटले जाते. २०२३ मध्ये केलर बंधूंचा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात समावेश करण्यात आला.

लाकूडकामातील स्थान

अमेरिकेतील वनक्षेत्राचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कुटुंबांच्या व व्यक्तींच्या खाजगी मालकीचा आहे. अशा वनांतील काम साधारणपणे दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात झाड तोडून, फांद्या साफ करून ओंडका रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेपर्यंत आणला जातो. दुसऱ्या टप्प्यात तेथे ओंडके रचणे, गाडीत भरणे, तुकडे करणे, फोडणे आणि वाळत घालणे ही कामे होतात.

स्किड स्टीअर लोडर मुख्यतः दुसऱ्या टप्प्यासाठी उपयुक्त आहे. कठीण व सपाट जमिनीवर ते ओंडके वेगाने हलवते, अरुंद जागेत वळते आणि निरनिराळी साधने चालवते. जंगलाच्या आतील जमिनीवर मात्र त्याच्या मर्यादा लवकर उघड होतात. यंत्राचा तळ जमिनीपासून फार उंच नसल्याने ते बुंध्यांच्या खुंटांवर अडकते, चिखलात रुतते आणि वळताना झाडांची वरवरची मुळे सोलवटते.

अमेरिकेत जळाऊ लाकूड 'कॉर्ड' या मापाने विकले जाते. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड. तिचे आकारमान १२८ घनफूट, म्हणजे सुमारे ३.६ घनमीटर भरते. ओल्या ओकच्या एका कॉर्डचे वजन दोन टनांहून अधिक असू शकते. हेच लाकूड ओंडका, तुकडा, फोड आणि रास अशा रूपांत अनेकदा उचलावे लागते. यंत्रामुळे वाचणारे श्रम प्रामुख्याने या वारंवार होणाऱ्या उचलीतील असतात.

उचलक्षमता व ओंडक्याचे वजन

ज्या भाराने यंत्र पुढे कलंडू लागते, त्याला उलटण्याचा भार म्हणतात. चाकांच्या स्किड स्टीअरची निर्धारित कार्यक्षमता या भाराच्या ५० टक्के धरली जाते. रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या लोडरसाठी हे प्रमाण सहसा ३५ टक्के असते. त्यामुळे या दोन प्रकारांच्या माहितीपत्रकांतील आकडे थेट तुलनीय नसतात.

ओंडक्याचे वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओल्या लाल ओकचे वजन प्रति घनमीटर सुमारे १,००० किलोग्रॅम असते. या हिशेबाने तीन मीटर लांबीच्या व ४५ सेंटीमीटर व्यासाच्या ओंडक्याचे वजन सुमारे ४८० किलोग्रॅम होते. त्याच लांबीचा ६० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका सुमारे ८५० किलोग्रॅमचा असतो. व्यास एक तृतीयांशाने वाढला, तरी वजन पावणेदोन पटींहून अधिक वाढते. ८०० किलोग्रॅम क्षमतेच्या मध्यम यंत्राला पहिला ओंडका सहज झेपतो. दुसरा मर्यादेबाहेरचा ठरतो. जोडलेल्या पंजाचे स्वतःचे वजनही या हिशेबात धरावे लागते. म्हणूनच खरेदीचा निर्णय सरासरी ओंडक्यावरून न घेता कामात येणाऱ्या सर्वांत जड ओंडक्यावरून घेणे सयुक्तिक मानले जाते.

भुजांच्या रचनेचे दोन प्रकार आहेत. एकात भार कमानीच्या मार्गाने वर जातो. ही रचना साधी असते आणि खणणे, ढकलणे या कामांना अनुकूल असते. दुसऱ्यात भार जवळजवळ सरळ रेषेत वर जातो व पूर्ण उंचीवरही पुढे पोहोचतो. ट्रकमध्ये ओंडके भरण्यासाठी दुसरा प्रकार अधिक सोयीचा असतो.

जोडसाधने व हायड्रॉलिक प्रवाह

लाकूडकामात ओंडका पकडणारा पंजा, फोर्क, लाकूड फोडण्याचे यंत्र, झुडपे कापण्याचे यंत्र आणि ओंडके ओढण्याची विंच ही साधने वापरली जातात. ओंडका कापून फोडणारे संयुक्त यंत्रही काही ठिकाणी लोडरच्या हायड्रॉलिक शक्तीवर चालवले जाते. साधने जोडण्याची पट्टी आता बहुतांश कंपन्यांत एकसारखी असते. जुन्या यंत्रांवर मात्र कंपनीची स्वतंत्र जोडणी आढळते व त्यामुळे साधनांची निवड मर्यादित होते.

हायड्रॉलिक साधनाचे बळ तेलाच्या दाबावर, तर वेग तेलाच्या प्रवाहावर अवलंबून असतो. साध्या यंत्रांत हा प्रवाह साधारणतः मिनिटाला ६० ते ९५ लिटर असतो; अधिक प्रवाहाच्या यंत्रांत तो १०० लिटरांच्या पुढे जातो. पंजा किंवा लाकूड फोडण्याचे साधे यंत्र यांना सामान्य प्रवाह पुरतो. झुडपे व बारीक झाडे भुगा करणाऱ्या जड यंत्रांना अधिक प्रवाह लागतो.

वापरलेल्या यंत्राची पारख

पूर्वीचा वापर: अवर मीटरवरील तास हा वापराचा केवळ एक निर्देशक आहे. मीटर बदललेला किंवा बंद पडलेला असू शकतो. त्यामुळे पायपट्ट्या, आसन, हातदांडे आणि पिन यांची झीज मीटरशी ताडून पाहिली जाते. यंत्र कोठे राबले हेही महत्त्वाचे असते. गोठ्यातील यंत्राचे पत्रे, तारा व जोडण्या शेणमूत्रामुळे गंजतात. पाडकामातील यंत्राला आघात सोसावे लागतात. भाड्याने दिलेली यंत्रे अनेक हातांतून गेलेली असली, तरी त्यांच्या देखभालीच्या नोंदी बऱ्याचदा उपलब्ध असतात.

इंजिन: यंत्र पूर्ण थंड असताना सुरू करून पाहिले जाते. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातील दोष लपवते. सतत निळा धूर म्हणजे इंजिन तेल जळत असल्याची, तर काळा धूर हवा-इंधनाचे प्रमाण बिघडल्याची खूण असते. अमेरिकेत १९ ते ५६ किलोवॅट शक्तीच्या डिझेल इंजिनांना २०१३ पासून कठोर उत्सर्जन मानके लागू झाली. त्यानंतरच्या अनेक यंत्रांत काजळी गाळणारी यंत्रणा असते. अशी यंत्रणा दीर्घकाळ मंद गतीने इंजिन चालवल्यास तुंबू शकते आणि तिची दुरुस्ती महाग असते. यामुळे काही छोटे व्यावसायिक जुनी, साधी इंजिने पसंत करतात. मात्र त्यांचे सुटे भाग मिळतात का, हे पाहावे लागते.

चालन यंत्रणा: हायड्रॉलिक पंप व मोटार हे या यंत्रातील सर्वांत खर्चिक भाग होत. झिजलेला पंप थंड तेलावर ठीक चालतो. तेल तापून पातळ झाल्यावर त्याची शक्ती घटते. म्हणून किमान अर्धा तास काम करून मग यंत्र मातीच्या ढिगात रेटून पाहिले जाते. एक बाजू दुर्बळ असल्यास यंत्र सरळ न जाता एकीकडे ओढते. साखळीच्या पेटीतील तेलात धातूचे कण किंवा पाणी आढळणे, तसेच चाक पुढे-मागे हलवताना जास्त मोकळी हालचाल जाणवणे ही झिजेची लक्षणे आहेत.

भुजा व सांधे: पिन व बुश झिजल्यास भुजा डुगडुगतात. भुजांवर व चौकटीवर वेल्डिंगचे डाग किंवा ताजा रंग असल्यास त्याखाली तडे असण्याची शक्यता असते. साधन जोडण्याच्या पट्टीच्या खुंट्या झिजल्या असतील, तर जोडलेले साधन भाराखाली निसटू शकते.

टायर व वाहतूक: चार नवे टायर, पंजा आणि फोर्क यांचा खर्च स्वस्त यंत्राच्या किमतीत मोठी भर घालतो. सुमारे तीन टनांचे यंत्र व त्याची साधने वाहून नेण्यास योग्य क्षमतेचा ट्रेलरही आवश्यक असतो.

कागदपत्रे: यंत्राचा अनुक्रमांक पाटीवर शाबूत आहे का आणि त्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे तपासले जाते. अमेरिकेत असा बोजा राज्याच्या तारण नोंदींत शोधता येतो.

धोके व सुरक्षितता

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये स्किड स्टीअर लोडरमुळे होणाऱ्या मृत्यूंबाबत स्वतंत्र इशारा प्रसिद्ध केला. भुजा किंवा बकेट आणि यंत्राची चौकट यांमध्ये चिरडले जाणे व यंत्र उलटणे, हे त्यात नमूद केलेले प्रमुख धोके आहेत. चालक भुजांच्या मधून केबिनमध्ये शिरत असल्याने उचललेल्या भुजांखाली जाण्याचा मोह प्राणघातक ठरतो. हे टाळण्यासाठी आसनावरील आडवा दांडा वर केल्यास भुजांची हालचाल बंद करणारी यंत्रणा बसवलेली असते. जुन्या यंत्रांत ती त्रासदायक वाटून निकामी केलेली आढळते. खरेदीपूर्वी ती चालू आहे याची खात्री करणे अत्यावश्यक मानले जाते.

ओंडक्यांच्या कामात काही विशेष धोके असतात. उंच उचललेला गोल ओंडका भुजांवरून मागे घरंगळून केबिनवर येऊ शकतो. त्यामुळे बकेटऐवजी पकड असलेला पंजा सुरक्षित ठरतो. तुटलेली फांदी उघड्या दारातून आत घुसू शकते, म्हणून लाकूडकामासाठी मजबूत पारदर्शक दार वापरले जाते. भार जमिनीलगत ठेवून वाहणे आणि उतारावर यंत्राची जड बाजू चढाकडे ठेवणे हे मूलभूत नियम आहेत. रिकाम्या यंत्राची मागील बाजू जड असते, भरलेल्याची पुढील. तळपत्र्यात साठणारा पालापाचोळा व साल गरम इंजिनाजवळ पेट घेऊ शकते. ती वेळोवेळी काढावी लागते. फुटक्या होज पाइपातून उडणारे तेल त्वचेत घुसू शकत असल्याने गळती हाताने चाचपली जात नाही.

मर्यादा व पर्याय

जंगलातून ओंडके बाहेर आणण्यासाठी विंच लावलेला शेती ट्रॅक्टर अनेकदा अधिक योग्य ठरतो. तो रस्त्यावर उभा राहून दोराने ओंडका ओढू शकतो. ओल्या जमिनीवर रबरी पट्ट्यांचा लोडर भार अधिक क्षेत्रावर विभागतो, परंतु त्या पट्ट्यांचा बदल खर्चिक असतो. कठीण जमिनीचे आवार आणि मध्यम आकाराचे ओंडके असलेल्या कामात मात्र स्किड स्टीअर लोडरचा वेग व बहुउपयोगिता उजवी ठरते. वर्षातून मोजकेच दिवस काम असल्यास यंत्र भाड्याने घेण्याचा पर्यायही उपलब्ध असतो.

हे सुद्धा पहा

स्किडर
ट्रॅक्टर
बॅकहो लोडर
सरपण