वाटेवरचे मरण आणि तांब्याभर पाणी



पुणे-नगर रस्त्याने जाताना कोरेगाव भीमाच्या पुलावर आपण कधी तरी थांबला असाल. पुलाखालचे पाणी कोठून येते? देहू-आळंदीची इंद्रायणी थोडे वर, तुळापूरला, भीमेला मिळते. पुढे रांजणगाव सांडसजवळ पुण्याची मुळा-मुठा तिच्यात येते. शिरूर आणि दौंडच्या मधून वाहत ती पंढरीला पोहोचते आणि चंद्रभागा होते. आपल्या पालख्यांची वाट वेगळी, पण नदीची वारी या गावावरून जाते. हे मी कीर्तनात फार आवडीने सांगत असे. नदीबरोबर आणखी काय जाते, ते मात्र पुष्कळ वर्षे सांगितले नाही. ते आज सांगतो.

1 जानेवारी 1818 ची कोरेगावची लढाई सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी दख्खनात दुसरे संकट उतरले. 1817 मध्ये बंगालच्या जेसोर भागात पटकीची मोठी साथ उठली होती. लष्कराचे तळ, व्यापारी आणि यात्रेकरू यांच्याबरोबर सरकत ती 1818 च्या पावसाळ्यात इकडे आली आणि ऑगस्टपर्यंत मुंबईत पोहोचली. पुढे शंभराहून अधिक वर्षे ती पंढरीच्या यात्रेत पुन्हा पुन्हा येत राहिली. कोणी तिला पटकी म्हणे, कोणी वाखा, कोणी महामारी. गावोगावी मरीआईचा गाडा ओढून शिवेबाहेर नेत. आपल्या शिवेबाहेर म्हणजे शेजारच्या गावाच्या शिवेत, याचा विचार भीतीपुढे सुचत नसे.

साथ यात्रेत का येई? आषाढीला भर पावसाळा. वाळवंटात अफाट गर्दी. तिथेच बहिर्दिशा, तिथेच स्नान आणि तिथलेच पाणी पोटात. परतणारा वारकरी प्रसादाबरोबर रोगही घरी नेई. इंग्रज अधिकाऱ्यांनी यावरून वारीलाच दोष दिला. पण यात्रेकरूंकडून कर घेणाऱ्यांनी त्यांना पुरेसे स्वच्छ पाणी आणि शौचकूप पुष्कळ काळ दिले नाहीत, हेही विसरता येत नाही.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ अशाच एका वारीत, परतीच्या मुक्कामी गेला. आजी सांगे, तो रात्रभर पाणी पाणी करीत होता. या रोगात पाणी दिले की रोग वाढतो, असा तेव्हा घरोघरी समज होता. म्हणून दिंडीतल्या माणसांनी, अगदी मायेनेच, त्याला पाणी दिले नाही. पहाटे तो गेला.

मी हा प्रसंग कीर्तनात किती वेळा सांगितला असेल! शेवटी म्हणत असे, विठ्ठलाच्या वाटेवर मरण आले, याहून मोठे भाग्य कोणते? श्रोते डोळे पुसत. एकदा कोरेगाव भीमाच्या बाजूला सप्ताहात कीर्तन झाल्यावर आरोग्य उपकेंद्रातल्या एक नर्सताई पाया पडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "महाराज, त्यांना मीठ-साखर घालून पाणी पाजलं असतं, तर बहुतेक वाचले असते." मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री झोपही लागली नाही.

मग मी माहिती मिळवली. 1854 मध्ये लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने एका पंपाभोवतीची मरणे मोजून दाखवले की, हा रोग पाण्यातून पसरतो. 1884 मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात रोग्यांमध्ये आणि तलावाच्या पाण्यात त्याचे जंतू दाखवले. 1959 मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, जंतूचे विष आतड्यातून अंगातले पाणी बाहेर ओढते. म्हणजे रोगी कोरडा पडून मरतो. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी तोंडाने पाजले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते तीन-चारांवर आले.

वाचकहो, माझा मामेआजोबा भाग्यवान म्हणून गेला नाही. तो तहानेने गेला. देवाच्या वाटेवरचे मरण थोर खरे, पण जे टाळता आले असते त्याला भाग्य म्हणणे ही माझी चूक होती. ती मी व्यासपीठावरून केली, म्हणून इथे जाहीर कबूल करतो.

आपल्याच परंपरेत याचे उत्तर होते. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांनी जंतुशास्त्र शिकले नव्हते, पण देवाच्या दारची घाण दुसऱ्या कोणी उचलायची, हे त्यांना मान्य नव्हते. जत्रा उठल्यावर ती घाण पिढ्यान्‌पिढ्या कोणी उचलली, हे आपण स्वतःला विचारावे.

2020 मध्ये करोना आला. 30 जूनला माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या, आपण घरी रडत बसलो. दुसऱ्याच्या जिवासाठी मागे राहिलो, तीही वारीच झाली. पण त्याच वर्षी कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या आणि शहरातून चालत आलेल्या आपल्याच लेकरांना बाहेर थांबवले. मरीआईचा गाडा अजून आपल्या मनात आहे, हे तेव्हा कळले.

यंदा वारीला निघाल तेव्हा पिशवीत टाळाशेजारी मीठ-साखरेच्या पाण्याच्या चार पुड्या ठेवा. शुद्ध पाणीच प्या, शौचालयातच जा. वाटेत कोणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याला घोट घोट पाणी पाजत दवाखान्यात न्या. आणि नदीत काही टाकताना आठवा, भीमेत सोडलेले पुढे पंढरीच्याच वाटेला लागते.

रामकृष्ण हरी!