क्यूल तेगिन स्मारक
मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात इ. स. ७३२ मध्ये उभारलेले तुर्क राजपुत्राचे स्मारक. क्यूल तेगिन हा बिल्गे खागानाचा धाकटा भाऊ व सेनानी; तो ७३१ मध्ये मरण पावला.

प्राचीन तुर्कांच्या अंत्यविधींची माहिती मुख्यत्वे चिनी इतिवृत्तांतून मिळते. त्यांनुसार मृतदेह तंबूत ठेवून आप्तेष्ट घोडे व मेंढ्या बळी देत, घोड्यांवर बसून तंबूभोवती सात फेऱ्या घालीत आणि दाराशी येताच सुरीने स्वतःचा चेहरा चिरून शोक करीत. वसंतात वा उन्हाळ्यात निधन झाल्यास दफन पानगळीपर्यंत लांबवीत. मृताने रणात मारलेल्या शत्रूंच्या संख्येइतके दगड तेथे रोवीत. अशा दगडांना ‘बलबल’ म्हणतात. क्यूल तेगिनाच्या स्मारकापासून त्यांची लांबच लांब रांग पूर्वेकडे गेलेली आहे.

कासवाच्या आकाराच्या बैठकीवर उभारलेला येथील शिलास्तंभ सु. ३·३ मी. उंच आहे. त्यावरील तुर्की लेख योल्लुग तेगिन याने लिहिला. चिन्यांच्या गोड बोलण्यास व मऊ रेशमास भुलू नये, असे त्यात बिल्गे आपल्या प्रजेस बजावतो. तथापि स्मारकासाठी कारागीर चिनी सम्राट श्वान-त्सुंग यानेच धाडले होते. पश्चिमेच्या बाजूवर त्याचा चिनी लेख असून त्यात खागानास तो पुत्रासमान लेखतो. हा विरोध बिल्गेच्या राजनीतीतच होता.

निकोलाय यादरिन्त्सेव्ह यास १८८९ मध्ये हा स्तंभ आढळला. १८९३ मध्ये डॅनिश पंडित व्हिल्हेल्म टॉमसेन याने तुर्की लिपीचा उलगडा केला, तेव्हा चिनी लेखातील क्यूल तेगिनाचे नावच त्यास उपयोगी पडले.