छर्रा, चकती आणि माप : ठासणीच्या शिकारी बंदुकीची घडण

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व शिसे आत सोडून गजाने ठासून भरायची बंदूक. तिचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा नळीच्या घडणीकडे, चापाच्या यंत्रणेकडे आणि दस्त्यावरील नक्षीकडे जाते आणि नळीच्या आत काय, किती व कोणत्या क्रमाने भरले जात होते हा प्रश्न मागे पडतो. एकच गोळी फेकणाऱ्या लष्करी बंदुकीपुरते हे दुर्लक्ष एक वेळ खपून जाईल; एका बारात शेकडो छर्रे उधळणाऱ्या शिकारी बंदुकीच्या बाबतीत मात्र ते मुळीच क्षम्य नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये ही बंदूक जी पूर्णत्वाला पोचली, तिचे श्रेय नळी घडवणाऱ्यांइतकेच भरणीचे सामान सुधारणाऱ्यांचेही आहे, आणि या दुसऱ्या वर्गात शिशाचे नळ व पत्रे बसवणारा एक कारागीर होता, तसाच स्कॉटलंडमधल्या खेड्यातला एक धर्मोपदेशकही होता.

काळी दारू ही ढोबळमानाने ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक यांची बनते. सोरा ज्वलनाला लागणारा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो आणि गंधकामुळे ती लवकर पेट घेते. हे तीन पदार्थ नुसते कालवून भागत नाही. ते ओलसर करून एकजीव होईपर्यंत दळावे लागतात, मग दाबून त्यांच्या वड्या करून, त्या फोडून चाळण्यांनी दाण्यांची प्रतवारी करावी लागते, कारण दाणा जितका बारीक तितकी दारू झपाट्याने जळते. म्हणून कानात, म्हणजे नळीच्या मागच्या भागातील बारीक छिद्रापाशी, घालायची रंजक, म्हणजे आतल्या दारूला पेटवणारी चिमूटभर दारू, अगदी बारीक असे, तोफेची दारू भरड असे आणि छऱ्यांच्या बंदुकीची या दोहोंच्या मधली. या दारूचा मोठा दोष असा की जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घनरूपातच राहतो. त्यातला काही पांढऱ्या धुराच्या लोटातून बाहेर पडतो आणि बाकीचा काजळीसारखा नळीला आतून चिकटतो. हा थर हवेतला ओलावा शोषून लोखंड गंजवतो, परंतु तो पाण्यात विरघळतो, आणि म्हणूनच शिकारीहून परतल्यावर नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे हा बंदुकीच्या निगेचा पहिला नियम ठरला. या सगळ्या व्यवहारात हिंदुस्थानचा वाटा मोठा होता. बिहारमधील नुनिया समाजाचे लोक खारवट मातीपासून जो सोरा काढत, तो सतराव्या शतकापासून इंग्रज आणि डच कंपन्यांची जहाजे युरोपात नेत होती, आणि प्लासीच्या लढाईनंतर इंग्रज कंपनीने त्याचा मक्ताच आपल्या हाती घेतला. इंग्लंडच्या रानात उडणाऱ्या बारांमागे पाटण्याच्या परिसरातील त्या कष्टकऱ्यांचे श्रम होते, ही गोष्ट शिकारीच्या इतिहासांत क्वचितच नोंदली जाते.

भरणीचा क्रम ठरलेला असे. नळी आतून कोरडी पुसल्यावर मापाच्या तोंडाच्या तांब्याच्या किंवा पितळेच्या बुधलीतून दारू ओतली जाई. या धातूंची निवड केवळ शोभेसाठी नव्हती, तर लोखंडाप्रमाणे त्यांच्या घर्षणातून सहसा ठिणगी उडत नाही यासाठी होती. दारूवर नमद्याची किंवा जाड पुठ्ठ्याची चकती बसवून ती गजाने खाली दाबली जाई. ही चकती दिसायला क्षुल्लक असली तरी संपूर्ण भरणीचा जीव तिच्यात होता. ती दारू आणि शिसे यांना वेगळे ठेवी, स्फोटाचा वायू छऱ्यांच्या फटींतून पुढे निसटू देत नसे, आणि चरबी लावलेली असल्यास नळीतली काजळी खरवडून बाहेर नेई. चकतीऐवजी जुन्या काळी जो काथ्याचा किंवा कागदाचा बोळा वापरत, त्याची पकड प्रत्येक वेळी निराळी पडे, त्यामुळे एकाच बंदुकीचे लागोपाठचे दोन बार सारखे जात नसत. नळीच्या मापाची चकती पोलादी ठशाने कापून घेण्याची पद्धत रूढ झाली आणि ही अनिश्चितता मोठ्या प्रमाणात गेली. चकतीवर छर्रे ओतले जात, आणि त्यांवर दुसरी, अगदी पातळ चकती बसवली जाई. छर्रे घरंगळून बाहेर पडू नयेत एवढेच तिचे काम, आणि ती जाड असली तर उलट छऱ्यांची पसरण बिघडे. रंजक घालणे किंवा, पुढच्या काळात, आघाताने पेटणारी टोपी चढवणे हे काम सर्वांत शेवटी, कारण तोपर्यंत भरणाऱ्याचा हात नळीच्या तोंडावर असे.

दारू आणि छर्रे यांचे परस्परप्रमाण हा या विद्येचा गाभा होता. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर व्यासाची. तिच्यात साधारण तीन ड्रॅम, म्हणजे सव्वापाच ग्रॅमच्या आसपास दारू आणि सव्वा औंसाच्या आतबाहेर, म्हणजे ३२ ते ३५ ग्रॅम शिसे भरले जाई. वजनात एकास सहा असे हे प्रमाण आकारमानात मात्र जवळपास बरोबरीचे पडते, कारण छर्रे दारूपेक्षा तितकेच जड असतात. म्हणून एकाच मापाने आधी दारू आणि मग छर्रे घ्यावेत हा सोपा नियम तराजू न पाहिलेल्या माणसालाही वापरता येई. दारू अधिक घातली तर बार जोराने जातो असा नवख्याचा समज असे, परंतु प्रत्यक्षात छर्रे अस्ताव्यस्त फेकले जाऊन त्यांच्या वर्तुळाच्या मधोमध मोकळी जागा पडे. शिसे अधिक घातले तर धक्का वाढे आणि वेग घटे. योग्य प्रमाण शोधण्यासाठी चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांवर, मोठा कागद लावून त्याला पडलेली भोके मोजण्याचा उद्योग जाणकार करत. १८१४ साली तालावेराच्या लढाईत जखमी झालेले लष्करी अधिकारी पीटर हॉकर यांनी तरुण शिकाऱ्यांसाठी लिहिलेले मार्गदर्शन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या; अनुभवावर चाललेल्या एका कलेला त्याने अभ्यासाचा विषय बनवले.

छऱ्यांचा वापर त्याहून कितीतरी जुना आहे. इंग्लंडमध्ये १५४८ सालीच गारांसारख्या छऱ्यांच्या बारावर निर्बंध घालणारा कायदा झाला होता, आणि संसदेत बसणाऱ्या उमरावांहून खालच्या दर्जाच्या लोकांना नगरात असे बार उडवण्यास त्याने मनाई केली होती. छर्रे बनवण्याची कृती मात्र दीर्घकाळ ओबडधोबडच राहिली. शिशाच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे कापून ते पिंपात घोळवत, नाहीतर साच्यात ओतत. सतराव्या शतकात राजपुत्र रूपर्ट याने शिशात हरताळ, म्हणजे सोमल आणि गंधक यांचे पिवळे संयुग, मिसळून तो रस चाळणीतून पाण्यात पाडण्याची रीत पुढे आणली, आणि रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्मदर्शकावरील ग्रंथात तिचे वर्णन दिले. सोमलामुळे शिशाचा थेंब गोल होण्यास मदत होते हे त्यातून सिद्ध झाले, परंतु थेंब अगदी थोड्या उंचीवरून पडत असल्याने घट्ट होण्याआधीच पाण्यावर आपटत आणि चपटे किंवा शेपटीदार होत. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या शिसेकाम करणाऱ्याने यातली उणीव उंचीची आहे हे ओळखले, रेडक्लिफ भागातल्या आपल्या घरावर मनोरा चढवला, खाली विहिरीसारखा खड्डा खोदला, आणि १७८२ साली या पद्धतीचे एकस्व मिळवले. हवेतून दीर्घकाळ पडणारा थेंब पृष्ठताणाने गोल होतो आणि वाटेतच वरून थिजतो, मग खालचे पाणी त्याचा आकार बिघडवत नाही. तयार छर्रे उतरत्या फळीवरून सोडत. गोल छर्रे वेगाने घरंगळून पुढची फट ओलांडत आणि वेडेवाकडे फटीतच पडत. उरलेले चाळून त्यांना क्रमांक देत. पुढे स्थिरावलेल्या इंग्रजी मोजणीत सहा क्रमांकाचे २७० छर्रे एका औंसात भरतात. वॉट्सचा मनोरा १९६८ साली रस्तारुंदीसाठी पाडला गेला, आणि उद्योगाच्या इतिहासातील एवढे महत्त्वाचे स्मारक इतक्या साध्या कारणासाठी नाहीसे व्हावे हे खेदजनकच आहे. चेस्टर येथील १७९९ चा मनोरा मात्र अजून उभा आहे.

उरला प्रश्न पेट घेण्याचा. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर ठिणगी रंजकीवर पडे, तिची ज्वाला कानातून आत शिरे आणि मग बार उडे; या विलंबात उडता पक्षी पुढे निघून जाई, आणि पाण्यावरचे पक्षी तर रंजकीचा भपका पाहूनच बुडी मारत. हेन्री नॉक याने १७८७ साली नळीचा मागचा भाग असा घडवला की ज्वाला दारूच्या मध्यापर्यंत लवकर पोचावी, आणि त्यामुळे नळ्या आखूड करणे शक्य झाले. त्यापुढचे पाऊल ॲबरडीनजवळच्या बेलहेल्वी गावच्या अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाने टाकले. आघाताने पेटणाऱ्या स्फोटक क्षारांचा उपयोग करून त्याने १८०७ साली चकमकच अनावश्यक ठरवली. त्यातूनच पुढे तांब्याची चिमुकली टोपी आली, आणि पावसातही बार उडण्याची खात्री वाढली.

दुनळी बंदुकीने एक नवा धोका आणला. एक नळी उडवल्यावर तिच्या धक्क्याने दुसऱ्या, भरलेल्या नळीतील छर्रे व चकती पुढे सरकत, आणि मध्ये पोकळी राहिलेला तो बार नळी फोडू शके. घाईत भरलेल्याच नळीत पुन्हा दारू ओतणे, गज आत विसरणे, किंवा मागच्या बाराचे निखारे धुमसत असताना थेट बुधलीच नळीला लावणे, या चुकांनी बोटे आणि डोळे गमावलेल्यांचे उल्लेख त्या काळच्या लेखनात विपुल आहेत. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात फ्रेंच लफोशे पद्धतीची मागून भरायची बंदूक इंग्लंडने पाहिली, आणि पुढच्या दोन दशकांत दारू, चकती, छर्रे व टोपी ही चारही अंगे एकाच काडतुसात जाऊन बसली.

हिंदुस्थानच्या ग्रामीण भागात मात्र ठासणीची बंदूक काडतुसाच्या युगातही टिकली. कोकणातील बागायती आणि घाटमाथ्यावरील शेती राखणाऱ्यांना तिचा परिचय आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. हा परवाना बंदूक बाळगण्यापुरता असतो; रानडुकरासारखा वन्यप्राणी पिकाची नासधूस करत असला तरी त्याला मारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अधिकृत अधिकाऱ्याचा वेगळा लेखी आदेश लागतो.