थाळीमासा आणि पुसदचं पाणी

परवा पुसदहून पुतण्याचा फोन आला. "काका, मले डिस्कस पाळायचे हायेत. टँक केवढा घेऊ?"

मी एकदम गप्पच झालो. त्याला वाटलं रेंज गेली. पोरगा सोळा वर्षांचा, २००७ साली जन्मलाही नव्हता, त्यामुळे आमच्या घरात डिस्कस एकदा येऊन गेलेत हे त्याला ठाऊक नाही. "उद्या सांगतो," म्हणून फोन ठेवला. तो उद्या म्हणजे ही पोस्ट.

ज्यांना हा मासा माहीत नाही (म्हणजे माझ्या समस्त आत्या-मावश्या) त्यांच्यासाठी: डिस्कस म्हणजे थाळीफेकीतली थाळी. तसाच गोल, चपटा, वीतभर मासा. चालही अशी, की घाई नावाची गोष्ट त्याला कुणी शिकवलीच नाही.

याची कथा सुरू होते एका लग्नाच्या वऱ्हाडापासून. १८१७ साली ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना पोर्तुगालच्या राजपुत्राशी लग्न करून ब्राझीलला निघाली. त्या निमित्ताने व्हिएन्नाहून शास्त्रज्ञांचं एक पथकही तिकडे गेलं. त्यात योहान नाटेरर नावाचा गृहस्थ होता. बाकीचे परतले, हा पठ्ठ्या अठरा वर्षं जंगलात राहिला आणि हजारो प्राणी-पक्षी गोळा करून पाठवत बसला. त्यातलाच एक गोल मासा व्हिएन्नाच्या संग्रहालयात हेकेल या मत्स्यतज्ज्ञाच्या हाती पडला आणि १८४० मध्ये त्याने त्याचं बारसं केलं, सिम्फिसोडॉन डिस्कस. नाटेरर १८४३ साली वारला. १८४८ च्या उठावात राजवाड्याला आग लागली, त्यात त्याची बरीचशी टिपणं जळाली. आयुष्यभराची मेहनत, आणि हाती राहिल्या स्पिरिटच्या बाटल्या.

बाटलीतल्या माशावरून काटे मोजता येतात, पण तो कुठल्या पाण्यात जगतो ते कळत नाही. माझ्या मते डिस्कसचा सगळा घोळ इथेच आहे. मासा घरी येतो, त्याचं पाणी मागेच राहतं.

ते पाणी कसलं? ॲमेझॉनची उपनदी रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी. कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखा रंग, आम्लधर्मी, आणि क्षार इतके कमी की जवळजवळ पावसाचंच पाणी म्हणा. पूर आला की ते जंगलात शिरतं आणि हे मासे बुडालेल्या फांद्यांमध्ये, संथ आणि कोमट पाण्यात फिरतात. जिवंत डिस्कस लोकांच्या काचेच्या टाक्यांत पोचायला हेकेलनंतर नव्वदेक वर्षं गेली. पोचल्यावरही पिल्लं जगेनात. इतर माशांसारखी अंडी वेगळी काढून वाढवायला गेलं की पोरं उपाशी मरायची. कारण ही पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात! १९५९ साली हिल्डमन या संशोधकाने यावर शोधनिबंध लिहिला. पुढे २०१० मध्ये प्लिमथच्या संशोधकांनी दाखवलं की तीनेक आठवड्यांनी आईबाप पिल्लांपासून जरा लांब पोहू लागतात. म्हणजे चक्क अंगावरचं तोडतात. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "मंग? लेकरूच हाय ते."

आता २००७. पुसदला तेव्हा रेल्वे नव्हती. चार डिस्कस नागपूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, माझ्या मांडीवर बसून आले. शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं (१९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं), तेव्हापासून डोक्यात काच आणि मासे होतेच. पण टाकी घेतली दोन फुटी, जेमतेम पंचावन्न लिटरची. त्यात बोअरचं पाणी भरलं. आमच्याकडे काळा बेसॉल्ट, बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसायचा. वर मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि दिवसरात्र मिळून आठ-दहा तास लाइट नाही.

गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो. त्यात हवेचा पंप बंद. पहिला मासा काळा पडला आणि कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. मग दुसरा. एका रात्री दोन वाजता जाग आली तर बाबा अंधारात टाकीशी स्टूल टाकून बसलेले. तांब्याने टाकीतलंच पाणी घ्यायचे आणि वरून बारीक धारेने परत सोडायचे. "याच्यानं हवा मिसळते," म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. लाइट येईपर्यंत करत राहिले. तरी एकोणिसाव्या दिवशी शेवटचा गेला. बाबांनी टाकी धुऊन माळ्यावर ठेवली आणि मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आता तेही नाहीत.

असो. तर पुतणेबुवा, ऐका.

माळ्यावरच्या टाकीला हात लावू नकोस. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी करून घे. साधारण ३४० लिटर. काचेसकट वजन चारशे किलोच्या वर जाईल, म्हणून खालच्याच मजल्यावर, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब. तळाशी वाळू नको, घाण दिसली पाहिजे. दोन स्पंज फिल्टर लाव आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर घे, टीव्ही नाही घेतला तरी चालेल. डिसेंबरात हीटर लागेल, पाणी २८ ते ३० अंशांवर राहू दे.

मग चार-सहा आठवडे थांब. हे तुला सगळ्यात जड जाईल. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला एवढा वेळ लागतोच. रोज चिमूटभर खाणं टाक, अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी शून्य येईपर्यंत मासे आणायचे नाहीत. आणलेस की पाच-सहा एकदम आण, एकटादुकटा भेदरतो. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल, पिल्लं असतील तर जास्त वेळा. बाहेरच्या देशांत गुरांचं काळीज खाऊ घालतात, पण आजीने आधीच बजावलंय, "माह्या फ्रीजमधी ते ठेवायचं नाई." तयार दाणे आण.

राहिला पाण्याचा प्रश्न. आता मिळतात ते डिस्कस बहुतेक थायलंड-मलेशियाकडच्या पैदाशीचे किंवा त्यांचे वंशज, त्यांना रिओ निग्रोइतकं मऊ पाणी लागत नाही. धरणाचं नळाचं पाणी क्लोरीन काढून चालू शकेल, पण चाचणी कर. आरओ लावलास तर एक बादली मऊ पाण्यामागे एक-दोन बादल्या मोरीत जातात. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत बायका टँकरमागे धावत असताना हे मला तरी जमणार नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस स्लॅब धुऊन जाऊ दे, मग पन्हाळीखाली ड्रम लाव. ते पाणी नळाच्या पाण्यात मिसळ, प्रत्येक वेळी त्याच प्रमाणात.

हे सगळं त्याला काल फोनवर सांगितलं. रात्री त्याने फोटो पाठवला. पन्हाळीखाली निळा ड्रम, रिकामा, आणि शेजारी स्टुलावर आजी बसलेली. ते बाबांचं स्टूल.