भट्टीतला पाव आणि काचेतला केक

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं मला एक काम सांगितलं. म्हणाली, "अब्बा, दादांना पंच्याऐंशी पूर्ण होताहेत. त्यांच्यासाठी केक आणा. नाक्यावरचा नको हं, चांगल्या दुकानातला आणा."

चांगलं दुकान म्हणजे नेमकं कुठलं, हे आजच्या मुंबईत सांगणं कठीण आहे. कुलाबा घ्या, वांद्रे घ्या, लोअर परळ घ्या, जिकडेतिकडे काचेची दुकानं. आत पिवळसर दिवे, थंडगार हवा आणि एकेका तुकड्यापुढे फ्रेंच नावाची चिठ्ठी. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. क्रोसां, एक्लेअर, मॅकरोन ही नावं दुकानदारापुढे उच्चारण्याआधी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहतो. दोन दिवस मी अशी दुकानं हिंडलो. एका ठिकाणी बोटभर तुकड्याची किंमत ऐकून मुकाट्यानं बाहेरही आलो. पण हिंडता हिंडता डोक्यात वेगळंच सुरू झालं. हे सगळं या शहरात आलं कुठून? आणि ज्यांच्यासाठी केक शोधत होतो त्या माझ्या वडिलांनी उभी हयात पावाच्या भट्टीपुढे काढलेली!

सुरुवात पावापासूनच करायला हवी. पायानं तुडवतात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती आम्हाला शाळेतल्या पोरांनी शिकवली होती. ती अर्थातच खोटी. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात त्यांनी तो आणला. यीस्ट मिळत नव्हतं म्हणून पीठ फुगवायला माडाची ताडी वापरली. गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकला, लोक ते पाणी प्याले आणि अख्खं गाव बाटलं, अशा हकिकती आपल्याकडे किती तरी वर्षं सांगितल्या गेल्या. ज्या पावानं धर्म बुडत होता तोच पुढे वड्याला मिळाला आणि मराठी माणसाची ओळख होऊन बसला! ताडीचं म्हणाल, तर आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरी तांदळाचं सांदण करतात, त्यालाही पूर्वी ताडीच घालत. आता यीस्ट घालतात, आणि जुनी आठवण काढली की घरातली मोठी माणसं विषय बदलतात.

गोव्याचे पाववाले आणि आचारी इंग्रजी अमदानीत मुंबईत आले. काळा घोड्याजवळ वॉटसनचं हॉटेल 1871 साली उघडलं, अपोलो बंदरावरचं ताजमहाल 1903 साली. साहेबाला जेवणानंतर पुडिंग लागे आणि चहाबरोबर केक. फोर्टात मोंजिनी नावाच्या इटालियन बंधूंचं केकचं नामांकित दुकान होतं. गिऱ्हाईक मुख्यतः गोरे आणि त्यांच्या पंगतीला बसणारे मूठभर हिंदी श्रीमंत. मैदा मळणारे, भट्टी पेटवणारे हात मात्र इथलेच.

साहेबाच्या टेबलावरचा केक सामान्य माणसाच्या बशीत आणला तो इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यज्द भागातून ही मंडळी येत गेली. धोबीतलावचं कयानी 1904 सालचं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान 1914 सालचं. नाक्यावरची जागा अशुभ म्हणून व्यापारी घेत नसत, ती इराण्यांनी घेतली असं सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रूनमस्का आणि मावा केक. हा मावा केक मला फार मोलाचा वाटतो. साहेबाच्या केकमध्ये आपला खवा आणि वेलची घातली, कागदाच्या वाटीत तो भाजला आणि गिरणी कामगाराच्या खिशाला परवडेल अशा दरात विकला. मेरवानचे केक सकाळीच संपत. पुण्याच्या वाचकांना राग नको म्हणून सांगतो, ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी 1955 सालची, आणि इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव श्रूजबरी बिस्किटामुळे पुणेकरांना जितकं तोंडपाठ आहे तितकं फार थोड्यांना असेल.

पण माझ्या मनात बेकरी म्हटलं की पहिली येते ती नानखटाई. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. 'खताई' म्हणजे चीनकडची, असं काही जाणकार मानतात. सुरतेत तिची हकीकत अशी सांगतात, की डच व्यापारी गेले आणि त्यांच्या भट्ट्या पारशी पाववाल्यांकडे आल्या. पाव खाणारे गोरे कमी झाले, तेव्हा या मंडळींनी आपल्या लोकांच्या तोंडाला रुचेल असा खुसखुशीत माल काढला. तिथल्या दोटीवालांची बेकरी आपला जन्म 1861 चा सांगते.

आमच्या माझगावच्या चाळीत नानखटाई विकत आणणं कमीपणाचं समजत. ईदच्या आठवडाभर आधी आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून भट्टीवर पाठवायची. श्रीमंती असेल त्या वर्षी साजूक तूप. बेकरीवाला काळे पत्रे द्यायचा. बायका तिथेच बाकावर बसून तूप आणि साखर तळहातानं फेसायच्या, पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग गोळे वळायचे, अंगठ्यानं दाबायचे, वर चारोळीचा दाणा. पाव काढून झाल्यावर भट्टीची धग जरा उतरे, तेव्हा हे पत्रे आत जात. नानखटाईला जाळ चालत नाही, उरलेली ऊब लागते. दिवाळीच्या आधी त्याच बाकावर चाळीतल्या हिंदू बायका बसलेल्या असत, आणि डिसेंबरात ख्रिस्ती बायका आपल्या केकची भांडी घेऊन येत. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. आमची खूण, कोपऱ्यातल्या नानखटाईवर दोन दाणे. एका ईदीला आमच्याकडे दुसऱ्याच कुणाचा पत्रा आला. त्यात तूप साजूक होतं. आईनं तो परत पाठवायला लावला. आम्ही भावंडं दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

अब्बा त्या भट्टीवर कामाला होते. रात्री दहाला पीठ मळायला बसायचं, पहाटे चारला पहिली लादी बाहेर. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सारायचे. नंतर सकाळी सायकलवरून पाव पोचवायचे. त्यांच्या पोचवण्यात शहरातलं एक मोठं हॉटेलही होतं. नाव सांगत नाही. मी दहा-बारा वर्षांचा असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर गेलो. अब्बा मागच्या दारानं आत गेले आणि मी फिरत फिरत पुढच्या बाजूला आलो. तिथे काचेआड केक मांडले होते, एकावर साखरेचा हंस होता. मी काचेला नाक लावून पाहत होतो, तेवढ्यात दरवाजावरच्या माणसानं दंडाला धरून मला फुटपाथवर आणून सोडलं. अब्बांनी ते पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. परतताना इराण्याकडे थांबून त्यांनी एक मावा केक घेतला आणि अर्धा मला दिला.

केक खऱ्या अर्थानं घरोघरी गेला तो पुढे. मोंजिनीजचं नाव 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात खोराकीवाला या बोहरी कुटुंबाकडे आलं आणि नंतर त्यांनी ते गल्लोगल्लीच्या दुकानांवर लावलं. अंडं न घातलेला केकही मिळू लागला. वाढदिवसाला औक्षण करणाऱ्या घरांत सुरी आणि मेणबत्त्या आल्या. मला त्यात वाईट काही दिसत नाही. निरांजनही राहिलं, केकही आला.

1991 नंतर परदेशी चॉकलेट, चीज सोपं झालं, परदेशांत शिकून आलेली मुलंमुली आली. कुलाब्यात 2004 साली मेसमन कुटुंबानं थिओब्रोमा काढलं. 2010 साली पूजा धिंग्रांनी पॅरिसमध्ये शिकलेली मॅकरोन मुंबईला चाखवली. या लोकांची मेहनत मी कमी लेखणार नाही. बदामाचं पीठ आणि अंड्याचा पांढरा बलक, मुंबईच्या दमट हवेत ते कवच तडकू न देणं हे सोपं काम नव्हे.

बोचतं ते वेगळंच. जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या प्रदूषणाच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या लवकर बंद करण्याकडे लक्ष घातलं. महापालिकेनं बेकऱ्यांना नोटिसा दिल्या, त्या वर्षीच्या जुलैपर्यंत गॅस किंवा विजेवर जा म्हणून. काचेच्या दुकानांना याची झळ नव्हती; त्यांच्या भट्ट्या पहिल्यापासून विजेच्या. अडचण झाली लादीपाव करणाऱ्यांची. त्यांच्या विटांच्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आणि पावाचा भाव गरिबाच्या खिशाकडे पाहून ठरणारा. नवी भट्टी बसवायला पैसा आणायचा कुठून? मात्र धूर खोटा नाही. मोडक्या फर्निचरची रंग लावलेली फळकुटं जाळली जायची, ती आम्ही पाहिली आहेत. अब्बांची छाती आजही रात्री घरघरते. आम्हा कवी मंडळींना भट्टीच्या वासावर ओळी सुचतात, छातीवर नाही. मला विचाराल तर भट्ट्या बदलायलाच हव्यात. पण त्याचा खर्च एकट्या पाववाल्याच्या माथी मारू नये.

शेवटी मी वांद्र्याच्या एका दुकानातून केक घेतला. चॉकलेटचा, वर चकाकणारा मुलामा. संध्याकाळी मुलीनं मोठा तुकडा कापून बशी अब्बांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा चढवला, तुकडा उचलला आणि आधी उलटा करून त्याचा तळ पाहिला. सगळा मुलामा त्यांच्या तळहाताला लागला. नात ओरडली, "दादा, काय करताय!"

"विजेवर भाजलाय," ते म्हणाले. "पण हात चांगला आहे पोराचा. तळ कुठे करपला नाही."

मग खाऊन पाहिला. थोडा वेळ गप्प राहिले आणि मला विचारलं, "केवढ्याला पडला?"

मी निम्मी किंमत सांगितली. तरीही ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.