विहिरीतलं मडकं आणि हिरवा पडलेला पूल

मे महिन्यात नागपुरातच एका ओळखीच्या घरी गेलो होतो. अंगणातला छोटा स्विमिंग पूल शेवाळाने हिरवागार. "मागच्याच आठवड्यात डबाभर पावडर ओतली हो!" काका वैतागून म्हणाले. माझा पीएचडीचा विषय पाणी शुद्ध करण्याचा इतिहास, त्यामुळे ही तक्रार मला फार ओळखीची वाटली.

'एकदाच भरपूर टाका' हा विचार जुना आहे. १८९०च्या दशकात आग्र्याचे रसायनतज्ज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत सुरू केली. पण विहिरीत नवे झरे येतात, रोज नव्या बादल्या बुडतात. औषध संपलं की संरक्षणही संपलं. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ साली दुसरी वाट धरली: ब्लीचिंग पावडरचं द्रावण पाण्यात थोडं थोडं, पण सतत सोडायचं. तिथे त्यासाठी यंत्रं होती, माणसं होती. आपल्या खेड्यातल्या विहिरीवर कोण बसणार?

याचं उत्तर नागपुरात सापडलं. १९५८ साली इथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून आपण तिला 'नीरी' म्हणतो. नीरीची 'दुहेरी मडक्याची' पद्धत बघा: एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड रेती किंचित ओली करून आतल्या मडक्यात भरायची. ते मडकं मोठ्या मडक्यात ठेवायचं. आतल्याला काठाजवळ एक छिद्र, बाहेरच्याला तळाच्या थोडं वर एक. तोंड प्लॅस्टिकने बांधून सगळं पाण्याखाली एक मीटर सोडायचं. क्लोरीन हळूहळू झिरपतं. साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतं. ना वीज, ना पंप!

आता काकांच्या पूलकडे या. तरंगत्या डब्यातल्या क्लोरीनच्या गोळ्या म्हणजे तत्त्वाने हेच मडकं. फरक दोन आहेत. विहिरीत सावली असते. पूलवर नागपूरचं ऊन. उघड्या पाण्यातलं क्लोरीन उन्हात काही तासांत उडतं, म्हणून या गोळ्यांमध्ये सायन्युरिक आम्ल असतं, ते क्लोरीनला जपतं. दुसरा फरक पीएचचा. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, पीएच वाढतो. ७.५ला साधारण अर्धं क्लोरीन जोरदार रूपात असतं; ८ला जेमतेम पाव. म्हणजे डबा रिकामा झाला तरी शेवाळ मजेत!

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा. भिंती घासा. क्लोरीनचा मोठा डोस द्यायचाच असेल तर संध्याकाळी द्या आणि फिल्टर चालू ठेवा. नंतर मोकळं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम टिकवा, रोज तपासा. आणि गोळ्या, ब्लीचिंग पावडर, आम्ल कधीच एकत्र मिसळू नका. विषारी वायू निघतो, स्फोटही होऊ शकतो.

पूल हिरवा पडला तर पोहणं बुडतं, एवढंच. विहिरीतलं क्लोरीन संपलं तर घरातलं लेकरू हगवणीने आजारी पडतं. ते मडकं बनलं ते त्या लेकरासाठी. पुढच्या वेळी डबाभर पावडर ओतायचा मोह झाला, तर त्याची आठवण ठेवा.